कादरमास्तरांचा भारद्वाज

लोक मला अजून त्या लेबलाबद्दल विचारतात. विडीच्या बंडलावरचं दोन बोटांचं लेबल. त्यावर मान खाली घालून चालणारा काळा भारद्वाज, विटकरी पंख, लाल डोळा, आणि पंखाच्या कडेनं कोऱ्या कागदाची सोडलेली पांढरी रेघ. मागे एका समारंभात एक तरुण चित्रकार त्या रेघेवर दहा मिनिटं बोलला. आपल्याकडे जाहिरातीच्या चित्रात साधेपणा इथून सुरू झाला, वगैरे वगैरे. मी खुर्चीत बसून मान डोलवत होतो. शाल मिळाली, नारळ मिळाला. घरी आलो आणि दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही. बायको म्हणाली, पित्त खवळलंय का. म्हटलं, हो, पित्तच असेल.

ती रेघ माझी नाही. तो चालणारा पक्षीही माझा नाही. दोन्ही कादरमास्तरांचं.

नगरला ज्या छापखान्यात मी पहिली नोकरी केली तिथे मास्तर दगडावर चित्रं काढायचे. मी गेलो तेव्हा त्यांची नजर जात चालली होती, आणि हे छापखान्यात कुणालाही कळू द्यायचं नाही एवढ्या एका गोष्टीवर त्यांचं सगळं चाललं होतं. कळलं असतं तर खिडकीजवळची जागा गेली असती, आणि जागा गेली असती तर ते आणि घरात बसलेली विधवा मुलगी, दोघं उघड्यावर. फळीवरच्या एका जुन्या दगडानं त्यांना सांभाळून घेतलं होतं. तो दगड मी घासायला लावला. मला माहीत नव्हतं हे खरं आहे. पण माहीत करून घ्यावंसंही मला वाटलं नव्हतं, हेही तितकंच खरं आहे.

शिळाछाप म्हणजे काय ते आता सांगावं लागतं. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईनं चित्र उलटं काढायचं. दगड पाण्यानं ओला केला की कोरी जागा पाणी धरते, चित्र शाई धरतं, आणि कागद दाबला की सुलटं चित्र उमटतं. काम संपलं की वाळू आणि पाणी घालून दगड घासायचा, म्हणजे तो पुन्हा कोरा. दगड जर्मनीतून यायचे. दुसरी मोठी लढाई लागली आणि ते बंद झाले, म्हणून आहेत तेच दगड घासून घासून वापरावे लागत. मात्र चांगल्या गिऱ्हाइकाचा मूळ दगड घासत नसत. तो फळीवर जपून ठेवायचा, लागेल तेव्हा त्याचे ठसे मोठ्या दगडावर उतरवायचे आणि छापायचं. गावातल्या तोफखाना भागातल्या राजय्याशेठच्या भारद्वाजछाप विडीचा असा एक मूळ दगड आमच्याकडे होता. मास्तरांनी तो पंधराएक वर्षांपूर्वी केलेला. महिन्या-दोन महिन्यांनी त्याचे ठसे उतरवायचे आणि मास्तरांनी इकडेतिकडे टाक फिरवून ते दुरुस्त करायचे. सवयीनं होणारं काम. त्याला नजर लागत नव्हती, हात लागत होता.

मास्तर उंच, वाळलेले. मेंदी लावलेली आखूड दाढी, काळी टोपी, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. अंगाला नेहमी डाळीच्या पिठाचा वास. कारण कामाला बसण्याआधी ते कोरड्या बेसनानं हात चोळून चोळून धुवायचे. दगडाला तेलकट बोट लागलं की त्या बोटाचा ठसाही छापून येतो, म्हणून. पहिल्याच दिवशी मी बाहेरून भजी खाऊन आलो आणि दगडावर हात टेकला. मास्तर म्हणाले, "काढ तो हात. राजय्याशेठनं भारद्वाज मागितलाय, त्याला भजं छापून देतोस काय?" मग बेसनाचा डबा माझ्यापुढे सरकवला. दुपारी ते स्वतः जेवायचे चमच्यानं. मुसलमान माणूस चमच्यानं भाकरी-कालवण खातोय हे बघून सखाराम, म्हणजे आमचा दगड घासणारा, रोज नव्यानं हसायचा. मास्तर म्हणायचे, "हस बाबा. तुझ्या हाताला वाळू लागते, माझ्या हाताला इज्जत."

दगडावर तीस वर्षं उलटं लिहून त्यांना सुलटंच अवघड झालं होतं. मुलीला बाजाराची यादी लिहून द्यायचे ती कधी कधी उलटी. हमिदा ती आरशासमोर धरून वाचायची. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना त्यांना फार मजा वाटत होती. हमिदा दुपारी डबा घेऊन यायची आणि संध्याकाळी पुन्हा त्यांना न्यायला यायची. छापखान्यात सगळे म्हणायचे, काय माया आहे लेकीची. माया होतीच. पण ती त्यांना हाताला धरून रस्ता ओलांडून न्यायला येत होती हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. कापडबाजारातल्या छापखान्यापासून झेंडीगेटच्या घरापर्यंत माणूस आपल्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवून चालला तर त्यात कुणी काय बघणार.

त्यांचं काम म्हणजे ठिपक्यांचं. सावली हवी तिथे ठिपके दाट, उजेड हवा तिथे विरळ, आणि मधली प्रत्येक पायरी हातानं, टाकाच्या टोकानं. भारद्वाजाच्या छातीवरचं एकेक पीस वेगळं दिसायचं. पायाखाली गवत, मागे कुंपण, कुंपणावर वेल, वेलीला फुलं, चारी बाजूंनी महिरप, महिरपीत पुन्हा पानं. लेबल दोन बोटांचं आणि आत अख्खी बाग. मी मुंबईच्या चित्रशाळेतून नुकताच बाहेर पडलेला, परदेशी मासिकं चाळलेला. मला ते बघून गुदमरायला व्हायचं. आमच्या डोक्यात एकच मंत्र: एक आकार, दोन सपाट रंग, आणि बाकी सगळी जागा मोकळी. मी एकदा म्हटलं, "मास्तर, यात डोळ्याला बसायला जागाच नाही." ते म्हणाले, "डोळ्याला बसायचं कशाला असतं? हिंडायचं असतं."

त्यांनी मलाही ठिपके शिकवायचा प्रयत्न केला. एक इंच चौकोन दिला आणि सांगितलं, या कोपऱ्यात रात्र, त्या कोपऱ्यात दुपार, मधे एकही पायरी दिसता कामा नये. "माझ्या उस्तादांनी माझा पहिला चौकोन बघून विचारलं होतं, हे ऊन आहे की देवीचे वण? सबूर ठेव." तीन दिवस मी तोंड वेडंवाकडं करत तो चौकोन भरला. मास्तरांनी तो खिडकीशी नेला, भिंग लावलं, बराच वेळ धरला, आणि "ठीक" म्हणून परत दिला. मी खूश. एवढा कडक माणूस ठीक म्हणाला. मला पुढे कळलं की त्यांना त्यातला एक ठिपकाही दिसला नव्हता.

लढाईच्या दिवसांत शाई खराब येऊ लागली. कागद तर विचारूच नका, रद्दीहून रद्दी. मास्तरांचे बारीक ठिपके त्या कागदावर भरून यायचे आणि बाग काळवंडायची. राजय्याशेठ कुरकुर करू लागले. मला संधी दिसली. मी घरी बसून माझा भारद्वाज काढला. सरळ बसलेला, काळी आकृती, पंखाला एक विटकरी पट्टा, मागे काही नाही, खाली जाड अक्षरं. आमचे मालक मोतीशेठ यांच्यापुढे दोन्ही लेबलं ठेवली आणि म्हटलं, चला रस्त्यावर. समोरच्या पानवाल्याच्या फळीवर दोन्ही शेजारी शेजारी चिकटवली, आणि शेठना, राजय्याशेठना, सखारामला दहा पावलांवर उभं केलं. मास्तरही आले. माझा पक्षी तिथून स्पष्ट दिसत होता. मास्तरांचं लेबल म्हणजे एक करडा चौकोन.

"सांगा," मी म्हटलं, "बाजारात माणसाला कुठलं दिसेल?"

सगळे माझ्या लेबलाकडे बघत होते. मास्तर म्हणाले, "विडी काय लांबून ओढतात का रे? माणूस बंडल हातात घेतो. एक विडी पेटवतो आणि ती संपेपर्यंत हातातल्या बंडलाकडे बघत बसतो. दिवसभर काम करून बसलेला असतो तो. त्याला बघायला काही द्यायचं की नाही?"

मी म्हटलं, "आधी त्यानं विकत घ्यायला नको का?"

लोक हसले. मास्तरही हसले. ते वाद घालणारे नव्हते. आज मला वाटतं की त्या दिवशी दोघंही बरोबर होतो. लांबून बघायचं चित्र वेगळं आणि हातात धरून बघायचं वेगळं, आणि दुकानातल्या वस्तूला दोन्ही वेळा येतात. पण तेवीस-चोविसाव्या वर्षी माणसाला दोघं बरोबर असणं परवडत नाही. त्याला जिंकायचं असतं. मी जिंकलो. राजय्याशेठनी मान हलवली.

मग मला माझा पक्षी काढायला चांगला दगड हवा होता. बाकीचे दगड घासून घासून पातळ झालेले, काहींना चिरा. फळीवर एकच निळसर, कडक, सुरेख दगड होता. भारद्वाजाचा. मी मोतीशेठना म्हटलं, आता जुनं लेबल छापायचंच नाही, तर तो दगड अडकवून कशाला ठेवायचा? शेठ म्हणाले, घ्या. सखारामनं तो खाली उतरवला, आणि घासायच्या आधी मास्तरांकडे बघितलं.

"मास्तर, घासू ना?"

मास्तर टाक पुसत होते. पुसत राहिले. मग म्हणाले, "शेठनी सांगितलंय ना? मग घास."

सखारामनं वाळू टाकली, पाणी ओतलं, वर दुसरा दगड ठेवला आणि गोल गोल फिरवू लागला. अर्ध्या-पाऊण तासाचं काम. मास्तर सगळा वेळ तिथे उभे होते. मला वाटलं, म्हातारा रुसलाय. मी चक्क शीळ घालत वाटीत माझा रंग घोटत होतो.

पुढं जे झालं त्याला माझी हुशारी म्हणा. लेबलं छापली. त्या दिवसांत विटकरी शाई मिळाली ती इतकी गढूळ, की वाळल्यावर तिच्यात आणि काळ्यात फरक उरला नाही. मी म्हटलं, चालतंय, आकृती तर ठसठशीत आहे. राजय्याशेठचा फिरता विक्रेता बबन बंडलांचं पोतं घेऊन पुणतांब्याला गेला. पुणतांब्याला गोदावरीचा काठ. तिथं दहाव्याला माणसं येतात, पिंड ठेवतात आणि कावळा शिवायची वाट बघत बसतात. बसल्या बसल्या विडी ओढतात. चांगला खप होता तिथं. बबन तिसऱ्या दिवशी पोतं जसंच्या तसं घेऊन परत आला आणि राजय्याशेठ आमच्याकडे बसले होते म्हणून आमच्या छापखान्याच्या दारातच त्यानं ते टेकवलं.

"शेट, ही कावळाछाप कुनी काडली?" तो म्हणाला. "लई शिव्या खाल्ल्या म्या. एक म्हातारा म्हनला, आमी सकाळधरनं कावळ्याची वाट बगून ऱ्हायलो, आन् तू त्येला खिशात घिऊन हिंडतोस व्हय? दुसरा म्हनला, माज्या बापाच्या दहाव्याला मला कावळा फुकायला देतो का रं? एक बंडल गेलं न्हाई. दुकानदार म्हनतो, हे दुकानात सुदिक ठेवू नगं, भरल्या घरात."

मी लेबल उचलून बघितलं. कावळा होता. काळा, सरळ बसलेला, इकडे बघणारा. भारद्वाज दिसला की लोक दिवस चांगला जाणार म्हणतात, आणि मी त्यांच्या हातात पिंडावरचा पक्षी दिला होता. सखाराम हसत सुटला. राजय्याशेठ हसले नाहीत. त्यांनी मोतीशेठना सांगितलं, आठ दिवसांत मला माझा जुना भारद्वाज पाहिजे, नाहीतर मी पुण्याला छापून घेतो.

जुना दगड आता कुठे होता? त्यावर तर माझा कावळा बसला होता. मोतीशेठ माझ्याकडे बघायलाही तयार नव्हते. ते मास्तरांकडे वळले. "मास्तर, तुमचंच काम आहे. तसाच काढा पुन्हा. तुमच्या हाताला काय अवघड आहे?"

मास्तर म्हणाले, "काढतो."

मला हायसं वाटलं. माझी चूक हा माणूस निस्तरणार होता. पहिले दोन दिवस मी त्यांच्या वाटेलाच गेलो नाही. लाज वाटत होती. मास्तर सकाळी लवकर यायचे, हात धुवायचे, दगडावर कापड टाकून बसायचे. कुणी जवळ गेलं की कापड ओढून घ्यायचे. सखारामला वाटायचं, नजर लागू नये म्हणून.

पाचव्या दिवशी दुपारी शेठ बाहेर गेले होते, सखाराम जेवायला गेला होता. मी काही कागद आणायला आत गेलो तर मास्तर कामात होते, कापड बाजूला पडलेलं. मी मागे उभा राहिलो. त्यांचा टाक चालू होता. टिप, टिप, टिप, एका लयीत, मान जराशी कललेली. मला त्यांच्या हाताचं कौतुक वाटलं. मग माझं लक्ष दगडाकडे गेलं. टाकातली शाई संपलेली होती. ते कोऱ्या दगडावर कोरडा टाक टेकवत होते. मी वाकून बघितलं. एका जागी ठिपक्यांवर ठिपके पडून डाग झाला होता, आणि पक्ष्याचं डोकं मानेपासून अर्धं बोट लांब निघालं होतं.

"कुलकर्णी?" ते मागे न बघता म्हणाले.

"हो, मास्तर."

"टाकाला शाई आहे का?"

मी टाकाच्या कोरड्या टोकाकडे बघितलं.

"विचारतोय मी."

"नाही."

"कधीपासून नाही?"

"आत्ताच संपली."

"खोटं बोलू नको. तू येऊन उभा राहिल्यापासून दोनशे ठिपके टाकलेत मी."

त्यांनी टाक ठेवला. आधी तो फडक्यानं पुसला, नेहमीसारखा, मग ठेवला. म्हणाले, "मधोमध काही दिसत नाही. कडेकडेचं दिसतं. आता तुझ्याकडे सरळ बघितलं तर तुला डोकंच नाही, नुसते कान आहेत. दीड वर्ष झालं. हमिदाला माहीत आहे. आता तुला."

मी म्हटलं, "मला माहीत असतं तर मी तो दगड..."

"तुला काय करायचं होतं माहीत असून? दगड शेठचा. शेठ आज ना उद्या घासणारच होते." मग ते म्हणाले, "पण एवढ्या लवकर नको होता घासायला."

एवढंच बोलले. त्याहून जास्त कधीच बोलले नाहीत. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर माझं ओझं थोडं कमी झालं असतं.

मग म्हणाले, "तुझा तो कावळा आण इकडे."

मी लेबल दिलं. कोंबडी दाणा बघते तशी मान वाकडी करून त्यांनी ते डोळ्याच्या कडेला धरलं. "हे दिसतं मला," ते म्हणाले. "बघ, काय गंमत आहे. माझं मला दिसत नाही. घरी जुनं लेबल आहे भिंतीच्या फटीत खोचलेलं, त्याकडे बघतो तर नुसता धूर. तुझं हे आडदांड काम तेवढं दिसतं. साऱ्या नगरात मला दिसणारं हे एकच चित्र आहे." मला क्षणभर वाटलं ते मला शाबासकी देतायत. "आणि दिसतं म्हणून सांगतो. कावळा आहे."

आम्ही दोघं हसलो. हसता हसता मला रडू आलं. ते त्यांना दिसलं नसावं, किंवा दिसलं असलं तरी त्यांनी तसं दाखवलं नाही.

ते उठले, चाचपडत शेगडीशी गेले, आणि कोळशाचा एक विझलेला तुकडा घेऊन खाली फरशीवर बसले. "हे बघ. कावळा बसतो. भारद्वाज चालतो. कुंपणाच्या बुडाशी बघितला नाहीस कधी? मान खाली, शेपूट मागून फरफटत. कोट घातलेला म्हातारा हरवलेली किल्ली शोधतो ना, तसा." आणि एका दमात त्यांनी हातभर लांबीचा पक्षी ओढला. खांद्यापासून हात फिरवून. पाच-सहा रेघा, मग कोळसा आडवा धरून सगळं काळं. ज्या माणसानं तीस वर्षं टाकाच्या टोकाएवढी जागा भरली, त्यानं फरशीवर अख्खा पक्षी सपाट काढला. माझ्या शाळेतल्या एकाही मास्तराला तो तसा आला नसता.

मग त्यांनी बोट ओलं केलं आणि पंखाच्या कडेनं कोळसा पुसत नेला. काळ्याच्या मधून फरशीची एक स्वच्छ रेघ निघाली.

"इथे दोन रंग एकमेकांना भिडू देऊ नको. ही लढाईची शाई आहे, दोन्ही एक होतात. मधे कागद सोड. मी ठिपके विरळ करत करत उजेड आणायचो, त्याला आठ-आठ दिवस लागायचे. तुझ्याकडे ठिपके नाहीत. तुला वाटतं, काळं काढलं की झालं, उजेड आपला आपण येईल. येत नाही बाबा. त्याला जागा ठेवावी लागते."

मी कागद घेऊन ते सगळं जसंच्या तसं उतरवून घेतलं. सखाराम जेवून आला आणि फरशी घाण झाली म्हणून पुटपुटत त्यानं बादलीभर पाणी ओतलं. मास्तर म्हणाले, "कुलकर्णी, डोळ्यांचं कुणाजवळ बोलायचं नाही." मी मान हलवली, मग लक्षात येऊन तोंडानं "नाही बोलणार" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी शेठना सांगितलं, "माझी तब्येत बरी नाही. आणि ठिपके या कागदावर आता धरत नाहीत. ज्यानं काढलंय त्यालाच दुरुस्त करू द्या. मी बघितलंय त्याचं नवं. आता कुणी कावळा म्हणणार नाही."

मी नवा भारद्वाज शेठच्या टेबलावर ठेवला. शेठनी तो लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला. "वा, कुलकर्णी," ते म्हणाले, "ही पांढरी रेघ सुचली कशी तुम्हाला?"

मास्तर तिथेच उभे होते. तीन हातांवर.

मी म्हटलं, "चार दिवस विचार करत होतो."

हे असं झालं. दुसरं काही नाही. डोळ्यांबद्दल बोलू नको असं मास्तर म्हणाले होते. पक्ष्याबद्दल ते तसं काही म्हणाले नव्हते. मी स्वतःला पुष्कळ वर्षं समजावलं की एक सांगितलं असतं तर दुसरं उघडं पडलं असतं. ते काही खरं नाही. "मास्तरांनी सुचवली" एवढे दोन शब्द बोलायला काय हरकत होती? शेठना कळलं असतं की हा माणूस ठिपक्यांशिवायही उपयोगाचा आहे, बसून सांगू शकतो, दुसऱ्याकडून काढून घेऊ शकतो. कदाचित ठेवून घेतलं असतं त्यांना. त्या दोन शब्दांवर त्यांची जागा होती आणि ते माझ्या तोंडात होते. मास्तरांचा चेहरा हलला नाही. ते खुंटीवर टोपी शोधत होते, ती त्यांच्या हाताला लागत नव्हती.

लेबल चाललं. बबन पुणतांब्याहून रिकामं पोतं घेऊन आला. सपाट कामाला दुरुस्ती लागत नाही, म्हणून मास्तरांना आता काम नव्हतं. महिनाअखेर त्यांनी स्वतःच शेठना सांगितलं की घरी बसतो. जाताना हमिदा आली होती. मास्तरांनी सखारामच्या पाठीवर हात ठेवला, बेसनाचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तुला याची गरज नाही म्हणा. तुझ्या कामात एक बोट उमटलं तर कुणाला कळणार आहे?" ती त्यांची थट्टा होती. दुसऱ्या दिवसापासून खिडकीजवळ मी बसू लागलो.

त्या लेबलावर मला मुंबईची नोकरी मिळाली. साहेबानं रेघेवर बोट ठेवून विचारलं, आणि तोपर्यंत मला ते उत्तर सवयीचं झालं होतं.

लढाई संपली, स्वराज्य आलं, पुण्याहून नगरला सरकारी मोटारी सुरू झाल्या. अशाच एका मोटारीनं मी बहिणीकडे आलो होतो. मुंबईतच मनाशी ठरवून निघालो होतो की मास्तरांना भेटायचं, त्यांना घेऊन सरळ राजय्याशेठकडे जायचं आणि त्यांच्यासमोर सांगायचं, हा पक्षी यांचा आहे. बोलायची वाक्यंसुद्धा पाठ केली होती. सकाळी नऊच्या सुमाराला झेंडीगेटच्या गल्लीत शिरलो.

घर सापडलं. मास्तर उंबऱ्यात उन्हाला बसले होते. दाढीची मेंदी गेली होती, सगळी पांढरी. मांडीवर सूप, सुपात ओली पानं, तंबाखू, पत्र्याचा मापाचा तुकडा, दोरा. राजय्याशेठच्या कारखान्याची पानं घरोघर जायची, माणसं विड्या वळून द्यायची. मास्तर विड्या वळत होते. पान पत्र्यावर ठेवायचं, कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, टोक अंगठ्यानं दुमडायचं, दोरा बांधायचा. हात भराभर चालत होते. ओठ हलत होते, ते मोजत होते. त्या विड्या संध्याकाळी कारखान्यात जाणार होत्या आणि तिथे त्यांच्यावर लेबल चिकटणार होतं.

मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. इतका जवळ की माझी सावली सुपात पडली. त्यांनी तोंड वर केलं. माझ्याकडेच बघितलं, म्हणजे तोंड माझ्याकडे होतं.

"कोण आहे?" ते म्हणाले. "जरा बाजूला व्हा बाबा. अंधार पडतोय."

मी बाजूला झालो. त्यांनी पुढचं पान घेतलं आणि पत्र्यावर ठेवलं. पाठ केलेली वाक्यं माझ्या तोंडात होती. पहिला शब्द "मास्तर" होता. तो म्हटला असता तर त्यांनी आवाज ओळखला असता, बसायला सांगितलं असतं, चहा मागवला असता. कदाचित काही तरी थट्टाही केली असती. मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत उभा राहिलो. एक विडी झाली. दुसरी झाली.

आतून हमिदाचा आवाज आला, "अब्बा, कौन आया था?"

"कोई नहीं," मास्तर म्हणाले. "साया पडा था. गया."

मी चार पावलांवर होतो. चपलेच्या आवाजावरून ते माणूस ओळखतील अशी मला भीती वाटली. म्हणून मी चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणी गल्लीच्या बाहेर आलो.